सगळ्या विभागांचं संशोधन एकाच काट्यावर तोलता येतं का?

प्रश्न विचारणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. विद्यापीठाच्या संशोधन आढावा समितीवर त्यांची पहिल्यांदाच नेमणूक झाली आहे. ते विचारतात : "माझ्यासमोर सगळ्या विभागांच्या पाच वर्षांच्या याद्या आहेत. कुठे एकेकाच्या नावावर चाळीस-चाळीस शोधनिबंध, कुठे पाच वर्षांत एक पुस्तक, कुठे नुसत्या कॉन्फरन्स. काही विभागांत संशोधन म्हणजे नेमकं काय चालतं हेच मला कळत नाही. यांची तुलना करायची कशी?"

सर, तुम्ही हे विचारलंत याचं मला मनापासून बरं वाटलं. याद्या हातात आल्या की बहुतेक समित्या थेट बेरजेला बसतात. मी सत्तावीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांचा आणि शोधनिबंधांचा विभाग सांभाळते आहे. गणितापासून संगीतापर्यंत प्रत्येक विभागाचा प्रबंध माझ्या टेबलावरून जातो. नोंदणी आणि तपासणी हे माझं काम, पण पुष्कळ प्रबंध मी निव्वळ कुतूहलापोटी वाचले आहेत. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. विभाग बदलला की विषय तर बदलतोच, पण पुरावा कशाला म्हणायचं तेही बदलतं. म्हणून कुठलीही यादी हातात घेतली की मी आधी एकच विचारते : या माणसाचं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल, आणि कळायला किती काळ लागेल? शोधनिबंध लांब की आखूड, लेखक एक की हजार, पुस्तक की कॉन्फरन्स, हे बरंचसं त्या उत्तरातून ठरतं.

गणितापासून सुरुवात करते, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. सिद्धता एक तर टिकते, नाहीतर पडते. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सुमारे सात वर्षं जवळजवळ गुपचूप काम केलं आणि जून १९९३मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत सिद्धता मांडली. जगभर बातमी झाली. मग हस्तलिखित तपासताना एका टप्प्यावर युक्तिवाद तुटतो असं लक्षात आलं. ती तूट सांधायला सप्टेंबर १९९४ उजाडला. त्यांचे जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांची त्यात मदत झाली, आणि १९९५ साली काम छापून आलं. १९९३च्या डिसेंबरात एखादी आढावा समिती बसली असती, तर तिच्या तक्त्यात या कामापुढे काय लिहिलं गेलं असतं याचा विचार करून पाहा. एका न छापलेल्या, सदोष सिद्धतेला किती गुण?

तपासायला लागणारा काळ त्याहूनही लांबू शकतो. गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत याबद्दलचं केप्लरचं अनुमान आपण सिद्ध केलं, असं थॉमस हेल्स यांनी १९९८ साली जाहीर केलं. त्या सिद्धतेचा मोठा भाग संगणकाच्या आकडेमोडीवर उभा होता. तपासायला नेमलेलं पथक वर्षानुवर्षं खपलं आणि शेवटी म्हणालं की आमची ९९ टक्के खात्री आहे. २००५मध्ये ती छापली गेली. पण गणितात उरलेला एक टक्काही बोचतो. हेल्स यांनी मोठा गट जमवून सगळी सिद्धता ओळ न ओळ संगणकाकडून पडताळून घेण्याचं काम हाती घेतलं आणि ते २०१४मध्ये पुरं झालं. तेव्हा गणिताच्या यादीत पाच वर्षांत तीनच शोधनिबंध दिसले तर लगेच भुवया उंचावू नका.

त्याच यादीतली आणखी एक गोष्ट. तुमच्याकडे पहिलं नाव बेंचवर काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. गणितात नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. अर्थशास्त्रातही पुष्कळदा तसंच. 'पहिल्या लेखकाला जादा गुण' असा नियम ठेवलेलं एक मूल्यांकन मी जवळून पाहिलं आहे. ज्यांचं आडनाव वर्णमालेच्या शेवटी येतं अशा एका गणितज्ञ बाई सलग तीन फेऱ्यांत मागे पडल्या, आणि कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या तक्त्यात तो रकाना असेल तर तो आधी काढा.

आता दुसरं टोक. २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचा शोधनिबंध निघाला. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रचंड प्रयोगांनी मिळून केलेलं ते मापन. एकूण ३३ पानं, त्यांतली २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची, लेखक ५,१५४. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं. पण डिटेक्टर (कणांच्या टकरी टिपणारं यंत्र) तपासणारा, तारा जोडणारा, आकडे निवडण्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा, यांतला एक जरी वजा केला तरी आकडा उभा राहत नाही. आणि चूक पकडायची त्यांची रीत कडक आहे. कोट्यवधी टकरींत योगायोगाने आलेखावर उंचवटे उमटतातच. म्हणून 'पाच सिग्मा' गाठल्याशिवाय ते 'शोध' हा शब्द उच्चारत नाहीत. तसा उंचवटा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक एवढी कमी असावी लागते. अशा प्रयोगातल्या माणसाच्या नावावर वर्षाला शंभर शोधनिबंध असू शकतात आणि त्यांत लबाडी काहीच नसते. तिथे संख्या बाजूला ठेवायची आणि सरळ विचारायचं, यात तुमचा वाटा कोणता? एखादी बाई सांगेल की डिटेक्टरच्या एका थराची जुळणी सहा वर्षं माझ्याकडे होती. ते उत्तर शंभर नावांपेक्षा जास्त सांगून जातं.

जीवशास्त्राच्या याद्यांत दोन वेगवेगळे वेग शेजारी शेजारी दिसतील. जनुकांवर काम करणारी लॅब वर्षाला भराभर छापते. आणि त्याच मजल्यावर कुणीतरी वीस वर्षं एकाच गोष्टीकडे बघत बसलेलं असतं. रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबून सांगते. २४ फेब्रुवारी १९८८ या दिवशी त्यांनी ई. कोलाय जिवाणू बारा चंबूंत वाढवायला सुरुवात केली. रोज प्रत्येक चंबूतला एक टक्का द्रव उचलायचा, ताज्या माध्यमात घालायचा. दर ५०० पिढ्यांनी थोडा नमुना फ्रीझरमध्ये ठेवायचा. बस, एवढंच, वर्षानुवर्षं. त्या माध्यमात सुरुवातीपासून सायट्रेट होतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलाय ते खाऊ शकत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर बारांपैकी एका चंबूतला द्रव नेहमीपेक्षा गढूळ दिसला, कारण तिथले जिवाणू सायट्रेट खायला लागले होते. हा निव्वळ नशिबाचा एक फटका होता की आधीच्या बदलांनी त्याची वाट तयार केली होती? इथे फ्रीझर कामाला आला. जुने गोठवलेले नमुने वितळवून त्यांनी उत्क्रांती पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. अगदी जुन्या नमुन्यांतून ती क्षमता उगवली नाही, नंतरच्या नमुन्यांतून उगवली. म्हणजे पूर्वतयारी आधी घडलेली होती. हे २००८मध्ये छापून आलं, प्रयोग सुरू झाल्यावर वीस वर्षांनी. त्या कामाचा खरा ऐवज फ्रीझरमध्ये होता, आणि फ्रीझरला तुमच्या तक्त्यात रकाना नाही.

चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची जी नोंद सुरू केली, तिचंही तसंच. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आज ४२०च्या वर आहेत. १९६४मध्ये पैशांअभावी ती नोंद काही महिने बंद पडली आणि आलेखात तेवढी फट कायमची राहिली. 'यंदा काय नवीन छापलं?' एवढंच दरसाल विचारत राहिलं की अशा फटी पडतात.

वैद्यकात चूक कळण्याची अडचण वेगळीच आहे : रोगी औषधाशिवायही बरा होऊ शकतो. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रोगी. कुणाला औषध आणि कुणाला नुसती सक्तीची विश्रांती, हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवलं होतं. एक्स-रे वाचणाऱ्यांना रोगी कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५पैकी ४ जण दगावले होते, न मिळालेल्या ५२पैकी १४. औषधाचा साठाच अपुरा होता, त्यामुळे चिठ्ठीने वाटप करणं तेव्हा नैतिकदृष्ट्याही पटण्यासारखं होतं. आज वैद्यकातल्या संशोधकाची दोन वर्षं एथिक्स कमिटीची मान्यता, चाचणीची आगाऊ नोंदणी आणि रोगी मिळवणं यांत जातात. त्या दोन वर्षांत यादी कोरी दिसते. आणि औषध चाललं नाही असा निष्कर्ष निघाला तरी ते पूर्ण संशोधन आहे, त्याला कमी गुण देऊ नका.

अर्थशास्त्रात पुष्कळदा अशी चिठ्ठी टाकता येत नाही, कारण एखाद्या राज्याचा कायदा बदलून बघणं संशोधकाच्या हातात नसतं. मग ते अशी जागा शोधतात जिथे परिस्थितीनेच दोन गट पाडले आहेत. १९९२ साली न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड उपाहारगृहांतली कामगारसंख्या वाढीआधी आणि वाढीनंतर मोजली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. १९९४मध्ये हे छापून आल्यावर दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी वेगळे आकडे गोळा करून वर्षानुवर्षं वाद घातला. वाद चालू राहणं हे तिथे दुबळेपणाचं लक्षण धरत नाहीत, तपासणीची तीच पद्धत आहे.

भाषाशास्त्राचं एक काम मी नवीन विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण साधनसामग्री किती थोडी लागू शकते ते त्यातून दिसतं. विल्यम लेबॉव्ह यांना न्यूयॉर्कमध्ये शब्दातला 'र' कोण उच्चारतं आणि कोण गिळतं ते पाहायचं होतं. माणसाला माइकसमोर बसवलं की तो जपून बोलतो. म्हणून १९६२मध्ये ते तीन मोठ्या दुकानांत गेले. एक श्रीमंतांचं, एक मधल्या वर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, असं विक्रेत्याला विचारायचं. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर', म्हणजे दोन ठिकाणी 'र' येण्याची संधी. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं, की तो जरा सावकाश, ठसठशीत म्हणतो. पुढे जाऊन आडोशाला उभं राहून वहीत नोंद. असे २६४ जण. दुकान जितकं प्रतिष्ठित तितका 'र' जास्त, आणि दुसऱ्यांदा म्हणताना 'र'चं प्रमाण वाढलेलं. हे कुणालाही, कुठल्याही शहरात पुन्हा करून पाहता येतं, आणि पुढे लोकांनी ते केलंही.

आता ज्या विभागांबद्दल तुम्ही 'कळतच नाही' म्हणालात, त्यांच्याकडे येते. तुमचा रोख बहुधा संस्कृत, इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांच्याकडे असावा. विज्ञानातले लोक मला सांगतात की तिथे 'मत' असतं, तपासणी नसते. मी त्यांना दोन गोष्टी दाखवते.

पहिली, महाभारताची चिकित्सित आवृत्ती. हे काम विद्यापीठात झालं नाही, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत झालं, पण पाठचिकित्सा, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून मुळाच्या जवळचा पाठ ठरवणं, कशी करतात हे त्याहून चांगलं कुठेच दिसत नाही. १९१९ ते १९६६, जवळजवळ अर्धं शतक. पडताळलेली हस्तलिखितं १,२५९, वेगवेगळ्या लिप्यांतली. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे १९२५मध्ये संपादनाची सूत्रं आली, तेव्हा त्यांनी पडताळणीची जी रीत बसवली ती तुमच्या लॅबमध्येही शोभेल. उभ्या-आडव्या रेघा मारलेला फुलस्केप कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक ठळक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ, आणि त्यातला वेगळा पाठ अक्षर न अक्षर वरच्या अक्षराच्या बरोबर खालच्या चौकटीत. असा कागद भरला की कुठली हस्तलिखितं एकाच चुकीत सामील आहेत ते डोळ्यांनी दिसू लागतं. दोघांची एकच विचित्र चूक जुळली, तर बहुधा दोघांनी एकाच जुन्या पोथीवरून नक्कल केली आहे. अशी त्यांची वंशावळ लागते. मग पाठ निवडताना विचारायचं की कुठल्या पाठावरून बाकीचे पाठ निघाल्याचं सांगता येतं? लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द सहसा अवघड करत नाही, म्हणून अवघड पाठाचं वजन जास्त. या कसोटीवर व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही घराघरांत माहीत असलेली कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. संपादकांना ती आवडत होती की नव्हती याचा तिथे संबंधच नव्हता.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पानाच्या तळाशी आहे. नाकारलेला प्रत्येक पाठ, कुठल्या हस्तलिखितात तो आहे त्या खुणेसह, तळटिपेत छापलेला आहे. म्हणजे संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाने तोच पुरावा घेऊन वेगळा निर्णय करावा. तुम्ही कच्चा डेटा शोधनिबंधासोबत जोडता, ते हेच.

दुसरी गोष्ट, लिनिअर बी. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ही लिपी अर्धं शतक कुणाला वाचता येत नव्हती. ब्रुकलिन कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी संध्याकाळच्या वेळात त्या चिन्हांच्या सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या तयार केल्या. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, म्हणून मिळेल त्या कागदाची कात्रणं करून सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. चिन्हांचे उच्चार माहीत नसतानाच त्यांनी दाखवून दिलं की या भाषेत शब्दांचे शेवट ठरावीक पद्धतीने बदलतात, म्हणजे तिला विभक्ती आहेत. 'ही भाषा अमुक आहे' असं सांगायला त्या ठाम नकार देत राहिल्या, कारण तेवढा पुरावा नव्हता. १९५०मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने त्या पायावर उभं राहून लिपी उलगडली. निघाली ग्रीक, आणि व्हेंट्रिस यांचा स्वतःचा आधीचा अंदाज तर वेगळ्याच भाषेचा होता.

अनेक विद्वानांनी शंका घेतली, आणि ती रास्त होती. हवं ते वाचून काढणारे हौशी लोक अशा लिप्यांभोवती नेहमीच जमतात. मग १९५३मध्ये पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी कळवलं की पायलॉसच्या उत्खननातली एक पाटी साफ झाली आहे. ती व्हेंट्रिस यांनी पाहिलेलीच नव्हती. त्या पाटीवर भांड्यांची चित्रं होती आणि शेजारी शब्द. व्हेंट्रिस यांची उच्चारांची कोष्टकं लावून वाचलं तर तिवईच्या चित्राशेजारी 'ति-रि-पो-दे' असं येत होतं. आपल्या 'त्रिपाद'च्या कुळातला हा शब्द मराठी माणसालाही लगेच ओळखू येतो. पुढे चार कानांच्या भांड्यापाशी 'चार' अर्थाचा शब्द, तीन कानांच्या भांड्यापाशी 'तीन' अर्थाचा, बिनकानाच्या भांड्यापाशी 'बिनकानाचं' असाच. कोष्टक चुकीचं असतं तर इथे उघडं पडलं असतं. प्रयोगशाळेत जी गोष्ट तुम्ही नव्या नमुन्यावर करता, ती इथे मातीच्या पाटीवर झाली.

कोबर यांनी पाच वर्षांच्या आढाव्यात काय दाखवलं असतं? मोजके निबंध आणि खोकी. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण अशी खोकी मी आमच्याच इमारतीत निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांतून बाहेर काढलेली आहेत आणि त्यांची नोंद कुठल्याही अहवालात सापडली नाही.

तत्त्वज्ञानाबद्दल एकच सांगते. ज्ञान म्हणजे सत्य असलेला, सकारण विश्वास, ही व्याख्या बहुतेकांना पुरेशी वाटत होती. एडमंड गेटियर यांनी १९६३मध्ये तीन पानांच्या निबंधात दोन उदाहरणं दिली. दोन्हींत विश्वास खरा, कारणंही योग्य, पण जुळून आलं ते नशिबाने, त्यामुळे त्याला ज्ञान म्हणवत नाही. त्या तीन पानांवर आजही लिहिलं जातंय. त्यानंतर त्यांनी फारसं काही छापलं नाही. तिथे खंडनाला एक चोख उदाहरण पुरतं.

इतिहासाचं पुस्तकाशी नातं का, हेही लोक विचारतात. एका दाव्यामागे चाळीस कागदपत्रं असतात. प्रत्येक कागद कुणी, कधी, कुणासाठी लिहिला, त्यात खोटं लिहिण्याचं त्याला कारण होतं का, हे सांगत जावं लागतं. आठ पानांत ते मावत नाही. तळटिपा हाच तिथला प्रयोगाचा भाग. मी इतिहासाचा प्रबंध आला की आधी तळटिपाच चाळते. सगळे संदर्भ छापील पुस्तकांचे असतील तर कपाळाला आठी पडते. अभिलेखागारातल्या दफ्तरांचे आणि रुमालांचे (कागदांच्या गाठोड्यांचे) क्रमांक दिसू लागले की मी बसून वाचते.

कॉन्फरन्सबद्दल तुम्ही 'नुसत्या' म्हणालात, तेवढा शब्द मागे घ्या. रसायनशास्त्रात कॉन्फरन्स म्हणजे पोस्टर आणि चर्चा. संगणकशास्त्रात मोठ्या कॉन्फरन्सला पूर्ण लांबीचा निबंध द्यावा लागतो, तज्ज्ञ तो तपासतात आणि बहुतेक परत पाठवतात. न्यूरल नेटवर्कने चित्रं ओळखण्यात मोठी झेप घेतल्याचं २०१२मध्ये कळलं ते अशाच एका कॉन्फरन्सच्या निबंधातून. जर्नलच्या दीड वर्षाच्या फेऱ्यात तो विषय शिळा होतो, आणि दावा खरा की खोटा हे कोड चालवून काही दिवसांत बघता येतं. त्यामुळे त्या विभागात कॉन्फरन्सचं नाव बघा, ती किती कडक आहे ते विचारा, आणि कोड खुलं आहे का ते पाहा.

अभियांत्रिकीत परीक्षा निसर्ग घेतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी टॅकोमा नॅरोज पूल ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला, उघडल्यापासून चार महिन्यांत. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एफ. बी. फार्क्वार्सन आधीपासूनच त्या पुलाच्या प्रतिकृतीवर प्रयोग करत होते आणि त्या सकाळी प्रत्यक्ष पुलावर होते. त्यानंतरच्या अभ्यासातून झुलत्या पुलांचे आराखडे वाऱ्याच्या बोगद्यात तपासण्याची शिस्त आली. अशा संशोधनाचं फळ पुष्कळदा मानकात किंवा आराखड्यात मुरलेलं असतं, शोधनिबंधांच्या यादीत शोधून सापडत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर तिथे निवाडे आणि तत्त्वं यांची सुसंगती तपासतात. कसोटी ही की पुढचं न्यायालय तो युक्तिवाद उचलतं का. त्याला दशकं लागू शकतात.

मग समितीत प्रत्यक्ष करायचं काय? एच-इंडेक्स (एखाद्याच्या किती शोधनिबंधांना निदान तितकीच सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनातले संदर्भ, मिळाली तो आकडा) विभागांच्या सीमा ओलांडून वापरू नका. तो २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, आणि त्यांनीच सांगून ठेवलं आहे की ज्ञानशाखेगणिक त्याचे आकडे बदलतात. शिवाय सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसांत पुस्तकं नीट येत नाहीत आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांतलं लिखाण तर फारच कमी येतं. तिथे शून्य दिसलं म्हणजे कुणी वाचलं नाही असं होत नाही.

प्रत्येकाकडून पाच वर्षांतली तीनच कामं मागा, स्वतः निवडलेली. ती छापीलच हवीत असं नाही. डेटासंच, संपादित संहिता, सॉफ्टवेअर, कोश, हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची, सगळं चालेल. सोबत अर्धं पान : प्रश्न काय होता, पुरावा कुठला, आणि हे चूक ठरवायचं असेल तर दुसऱ्याने काय तपासावं. वाचायला एक माणूस त्याच विषयातला आणि एक शेजारच्या विषयातला ठेवा. शेजारचा माणूस फार उपयोगी पडतो. त्याला परिभाषा साधारण कळते, पण मुरवत नसते.

एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगते की प्रत्येक विभागात वाईट संशोधन असतं आणि 'आमच्या विषयाचं वेगळं असतं' ही सबब मी अनेकदा ऐकली आहे. एकाच प्रयोगाचे पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापणं, पैसे भरून काहीही छापणारी नियतकालिकं, प्रश्नावली वाटून टक्केवारीचे तक्ते काढणं आणि त्याला निष्कर्ष म्हणणं, दुसऱ्यांची मतं ओळीने मांडून आपलं काहीच न म्हणणं. अशा कामांना ते अर्धं पान लिहिता येत नाही. 'चूक ठरवायला काय तपासावं' या ओळीपाशी पेन अडतं. तिथे तुम्ही कडक व्हा, विभाग कुठलाही असो. मानसशास्त्राने स्वतःशी तसा कडकपणा दाखवला. २०१५मध्ये त्यांच्याच संशोधकांनी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, आणि मुळात बहुतेक सगळ्यांत लक्षणीय म्हणून आलेला परिणाम पुन्हा फक्त ३६ टक्के अभ्यासांत आला. त्यानंतर अभ्यास सुरू करण्याआधीच गृहीतक आणि पद्धत नोंदवून ठेवायची चाल तिथे वाढली. असा विभाग मला विश्वासाचा वाटतो.

पहिल्या बैठकीआधी वेळ मिळाला तर एक काम करा. तुमच्या लॅबची एक जुनी वही घ्या आणि संस्कृत किंवा इतिहास विभागात जा. वहीत चुकलेला आकडा खोडताना तुम्ही एकच रेघ मारता आणि खालचा आकडा वाचता येईल असा ठेवता, ते पान त्यांना दाखवा. त्यांच्याकडे खाडाखोड असलेलं एखादं हस्तलिखित किंवा जुनं पत्र असेल, ते मागून घ्या. लिहिणाऱ्याने खोडलेला शब्द कुठला आणि त्यावरून त्यांनी काय काढलं, हे त्यांना विचारा. तास-दीड तास लागेल. त्यानंतर त्यांची यादी पुन्हा वाचा, आणि काही अडलं तर मला विचारा. मी तळमजल्यावर, प्रबंधांच्या दालनात असते.